एका आयव्हीएफ सेंटरचा सर्व्हे रिपोर्ट: पाचात साडेतीन

पेढे द्यायला गेलो होतो. काउंटरवरच्या मुलीने पेढा तोंडात टाकला आणि त्याच हाताने एक प्लास्टिकचं स्टँड माझ्यापुढे सरकवलं. त्यावर क्यूआर कोड. "सर, अब तो फाइव स्टार बनता है!" मुलगी माझ्या खांद्यावर झोपलेली, अनघा दुपटं सावरत मागे उभी. मी मोबाईल काढलासुद्धा.

मग आठवलं. मार्च २०२३ मध्ये आयव्हीएफचा, म्हणजे लॅबमध्ये गर्भ तयार करून गर्भपिशवीत सोडण्याचा, पहिला प्रयत्न फसला तेव्हा याच काउंटरवर उभं राहून मी उरलेलं बिल भरलं होतं. स्टँड तेव्हाही इथेच होतं. ते माझ्यापुढे कोणी सरकवलं नव्हतं. म्हणजे नेटवर या सेंटरच्या नावापुढे जे चकाचक तारे दिसतात ते सगळे पेढेवाल्यांचे. बाकीचे मुकाट्याने जिना उतरून गेले, त्यांना कोणी काही विचारलं नाही.

मी विमा सर्व्हेअर आहे. जळालेलं गोदाम, भिजलेलं सोयाबीन, पीथमपूरच्या कारखान्यातली बंद पडलेली प्रेस. नुकसान किती आणि कशामुळे, हे लिहून द्यायचं, यात वीस वर्षं गेली. असा माणूस पाच तारे दाबून मोकळा होऊ शकत नाही. त्या दिवशी मोबाईल खिशात ठेवला. रिपोर्ट आज लिहून राहिलो आहे.

सेंटरचं नाव देणार नाही. काही तक्रारी जहाल आहेत आणि काही उपकार मोठे आहेत. दोन्ही एका नावाखाली मांडले की लोक सोयीचं तेवढं उचलतात. शिवाय आम्ही लोकमान्य नगरात राहतो, तिथे भिंतींना कान आहेतच, वर व्हॉट्सॅप ग्रुपही आहे. एवढं सांगतो: इंदूर, पलासियाच्या मागचा आडरस्ता, दुसरा मजला, खाली मेडिकल आणि चष्म्याचं दुकान. ज्याला खरंच गरज असेल त्याने सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाच्या मध्यंतरात मला गाठावं, मी चहाच्या रांगेत असतो.

आधी आमची केस.

लग्न २०१४. अनघा तेव्हा अठ्ठावीसची, मी एकतीसचा. तीन वर्षं काही झालं नाही म्हणून २०१७ पासून डॉक्टर सुरू. पहिल्या दवाखान्यात (हे वेगळं ठिकाण, त्याचंही नाव नाही) अनघाचं सगळं तपासून झालं. सोनोग्राफ्या, हार्मोन्स, नळ्यांचा एक्स-रे, मग दुर्बिणीने ऑपरेशनसुद्धा. सगळं ठीक निघालं. ठीक निघालं तरी औषधं तिलाच. चार वेळा आययूआय, म्हणजे नवऱ्याचे शुक्रजंतू धुऊन, निवडून नळीने थेट गर्भपिशवीत सोडायचे. मध्ये कोविडची दोन वर्षं गेली. आईने गुरुचरित्राची पारायणं केली, मावशीने औदुंबराला प्रदक्षिणा सांगितल्या, त्याही अनघालाच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने जाणं बंद केलं, तेव्हा आई म्हणाली, "हट्टी आहे." मी पेपर वाचत होतो. मी काही बोललो नाही.

माझी तपासणी? आययूआयच्या वेळी सॅम्पल देत होतोच की. कोणी काही म्हणालं नाही, म्हणजे ठीक असणार. शिवाय आमच्या घरात चुलत-मावस मिळून अकरा भाऊ. आमच्याकडे तसलं काही नसतं, हे वाक्य मी स्वतः दोनदा उच्चारल्याचं अनघाच्या लक्षात आहे. तिच्या मते तीनदा.

२०२२ च्या पावसाळ्यात या सेंटरला पहिल्यांदा गेलो. डॉक्टरबाई मराठी निघाल्या. त्यांनी आमची फुगलेली फाईल घेतली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. सर्व्हेअरला हे कळतं. कागद कोण चाळतो आणि कोण वाचतो, हे बोटांवरून दिसतं. दहा मिनिटांनी त्यांचं बोट थांबलं. आययूआयच्या एका रिपोर्टच्या मागे, स्टेपलरच्या पिनेत अडकलेली एक छोटी चिठ्ठी होती. थर्मल कागद, अक्षरं निम्मी उडालेली. धुतल्यानंतर हलणारे शुक्रजंतू: ०.८. त्यांनी पुढची पानं उलटली. दुसऱ्या खेपेला १.१. तिसऱ्याला ०.६. चौथी चिठ्ठी कोरी, शाई उडून गेलेली.

"हे दशलक्षात आहे," बाई म्हणाल्या. "म्हणजे आठ लाख, अकरा लाख, सहा लाख. एवढ्यावर आययूआय लागायची आशा फार थोडी असते. हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

कोणी सांगितलं नव्हतं. पण कागद माझ्याच फाईलमध्ये होता, चार वर्षं. लोकांच्या स्टॉक रजिस्टरमधली खाडाखोड मी ट्यूबलाइटच्या उजेडात पकडतो. घरच्या फाईलमधली चिठ्ठी उलटून पाहिली नाही. आमच्या धंद्यात 'प्रॉक्सिमेट कॉज' म्हणतात: आग लागली, पाणी मारलं, पाण्याने माल भिजला, तर नुकसान पाण्याचं की आगीचं? आगीचं. मूळ कारण धरायचं. इथे मूळ कारण मी होतो. आणि २०१७ पासूनच्या पाच वर्षांत अनघा एकतीसची छत्तीस झाली, तेच दुसरं कारण बनून बसलं.

त्या पहिल्या भेटीला मी अख्खा एक तारा देतो. फी सातशे, वेळ पन्नास मिनिटं.

माझी नीट तपासणी झाली. दर मिलिलिटरला साठ लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकात खालची मर्यादा एक कोटी साठ लाख दिली आहे, आणि त्यातले निदान ४२ टक्के हलते असावेत. माझे २१ टक्के. शिवाय डाव्या वृषणाला व्हेरिकोसील, म्हणजे फुगलेल्या शिरा. त्याने तिथली उष्णता वाढते. बाईंनी तंबाखू विचारली. मी म्हटलं, थोडी. अनघा म्हणाली, "दिवसाला दोन पुड्या, आणि लॅपटॉप मांडीवर."

पुढे बाई जे बोलल्या ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण साऱ्या उपचारात इतकं स्वच्छ दुसरं कोणी बोललं नाही. "मुलगी जन्माला येते ती सगळी अंडी बरोबर घेऊनच. त्यामुळे यांची अंडी छत्तीस वर्षांची आहेत. तुमचे शुक्रजंतू अडीच महिन्यांचे. तुमच्यात सुधारणेला जागा आहे, यांच्यात वाट बघायला नाही." शुक्रजंतू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणून आज तंबाखू सोडली तर फरक तीन महिन्यांनी मोजायचा. मी त्या संध्याकाळी सोडली. तीन महिन्यांनी साठ लाखांचे नव्वद लाख झाले. टाळ्या वाजवण्यासारखं नाही, पण माझ्या आयुष्यात मी स्वतः कमावलेले ते तीस लाख आहेत.

मी धंद्याच्या सवयीने विचारलं, तुमचा सक्सेस रेट काय? गावभर होर्डिंगवर सत्तर, ऐंशी टक्के वाचून आलो होतो. बाई हसल्या. म्हणाल्या, "कशात कशाचा?" आणि पर्च्याच्या मागे पेनने एक नरसाळं काढलं. वरून सुरू केलेल्या बायका. त्यातून अंडी निघालेल्या. त्यातून गर्भ तयार झालेल्या. त्यातून गर्भ सोडलेल्या. त्यातून रक्ततपासणी पॉझिटिव्ह आलेल्या. त्यातून ठोके दिसलेल्या. आणि तळाशी, घरी बाळ नेलेल्या. "होर्डिंगवाला इथे बोट ठेवतो," पेन 'पॉझिटिव्ह'वर, "आणि भागतो यांनी," पेन 'गर्भ सोडलेल्या'वर. "तुम्हाला हवंय हे," तळाशी, "भागिले हे," सर्वांत वर. त्यातही पंचविशीच्या बायका जास्त घेतल्या की आकडा आपोआप चढतो. अवघड केसेस परत पाठवल्या की आणखी चढतो.

क्लेम सेटलमेंट रेशोची, म्हणजे विमा कंपनीने किती दावे फेडले या आकड्याची, जादू मी रोज बघतो, त्यामुळे मला दुसऱ्यांदा समजावून सांगावं लागलं नाही. तो पर्चा अजून माझ्या पाकिटात आहे.

मग घरी येऊन मी शोधत बसलो. ब्रिटनमध्ये १९९१ पासून एचएफईए नावाची नियामक संस्था आहे, ती वयाप्रमाणे आकडे जाहीर करते. २०१९ चे बघितले: पस्तिशीच्या आतल्या बाईला, सोडलेल्या दर गर्भामागे बाळ होण्याचं प्रमाण ३२ टक्के. त्रेचाळिशी ओलांडल्यावर, स्वतःच्याच अंड्यांवर, ५ टक्क्यांच्या आत. हे तिकडचे आकडे, इंदूरचे नव्हेत. पण उतार कुठल्या बाजूला आहे ते दिसतं. वयाबरोबर अंड्यात गुणसूत्रांची वाटणी चुकायचं प्रमाण वाढतं, आणि ते सुधारणारं इंजेक्शन बाजारात नाही. एएमएच नावाची तपासणी सगळे हातात देतात, तिच्यावरून अंडी किती मिळतील याचा अंदाज येतो, कशी असतील याचा नाही. अनघाचं एएमएच १.९ होतं. आमच्या साडूने फोनवर ते कमी म्हटलं, त्याच्या बायकोने ठीक म्हटलं. दोघंही सिव्हिल इंजिनिअर.

बाकी तपासण्या भराभर सांगतो. थायरॉईड, साखर, वजन. लहानपणी टीबी झाला होता का, हे बाईंनी दोनदा विचारलं. आपल्याकडे गर्भपिशवीचा आणि नळ्यांचा टीबी हे नळ्या बंद पडण्याचं मोठं कारण आहे आणि बाईला कळतही नाही. नळीत पाणी साचलेलं असेल तर ते आत उतरून गर्भाला टिकू देत नाही, म्हणून आधी ती नळी काढतात किंवा बांधतात. अनघाचं यातलं काही नव्हतं. तिची चूक एवढीच, की तिने माझी वाट पाहिली.

आता लॅब. इथे मी जरा रेंगाळणार, कारण इथेच माझा धंदा आणि त्यांचा धंदा एकमेकांना भेटले.

मी विचारलं, जनरेटर कुठे आहे? काउंटरवरची मुलगी गोंधळली. मी म्हटलं, पाच दिवस आमची पोरं तुमच्या पेटीत राहणार, लाईट गेली तर? तिने आतून एम्ब्रियोलॉजिस्टला, म्हणजे लॅबमध्ये गर्भ सांभाळणाऱ्या तज्ज्ञाला, बोलावलं. तिशीतला बारका मुलगा, देवासचा, घरी मराठी बोलणारा. त्याला माझा प्रश्न फार आवडला. म्हणाला, "काका, नऊ वर्षांत हे कोणी विचारलं नाही. सगळे फक्त गर्भाची ग्रेड विचारतात." त्याने मला तळघरातला डिझेल जनसेट दाखवला, वरचा यूपीएस दाखवला आणि दर आठवड्याला चालवून बघतात त्याची वही दाखवली. वहीतल्या सह्या एकाच दिवशी एका पेनने ठोकलेल्या नव्हत्या. हे मी तपासलं, आणि अर्धा तारा तिथेच दिला.

लॅब काचेतून बघू देतात. इन्क्युबेटर म्हणजे मी कपाट समजत होतो. निघाले टिफिनच्या डब्याएवढे चपटे कप्पे, प्रत्येक जोडप्याला आपला. तापमान ३७ अंश, ऑक्सिजन हवेतल्या २१ टक्क्यांऐवजी ५ टक्के, कारण बाईच्या शरीरातही तेवढाच कमी असतो. हवेतल्या वाफांचं गर्भाला वावडं, म्हणून अंडी काढायच्या दिवशी सेंट, अत्तर, डिओ काही लावून यायचं नाही. दारावर हिंदीत तशी पाटी आहे. अनघाच्या आईने कौतुकाने मोगऱ्याचा गजरा आणला होता, तो सिस्टरने दारातच काढून ठेवला. सासूबाईंना राग आला. आणि प्रत्येक वेळी डिश हलवायची तर दोन माणसं उभी राहून नाव, नवऱ्याचं नाव, नंबर मोठ्याने वाचतात. आमचं नाव दोन अनोळखी आवाजांत काचेपलीकडे ऐकलं तेव्हा, का कोण जाणे, मला मुंजीतला संकल्प आठवला.

कोपऱ्यात दुधाच्या कॅनसारख्या टाक्या. द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंश. गोठवलेले गर्भ त्यात. तिथल्याच भिंतीवर कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांचा फोटो आहे. ऑक्टोबर १९७८ मध्ये, ब्रिटनमधल्या जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळानंतर तीनच महिन्यांच्या आत, त्यांनी दुर्गा नावाच्या बाळाचा जन्म घडवला, तोही गोठवलेल्या गर्भातून. सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं. १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. एरवी देशातलं पहिलं बाळ म्हणून मुंबईच्या केईएममधलं १९८६ चं बाळ मोजायचे. तीन तास बसायचं असलं की माणूस भिंती वाचतो.

कारण थांबावं लागतंच. साडेदहाची वेळ देतात, नंबर दीडला लागतो. चाळीस खुर्च्या, साठ माणसं. याचा अर्धा तारा कापला. चारही भिंतींवर हसऱ्या बाळांचे फोटो, आणि त्यांच्याखाली ज्यांना बाळ होत नाही अशा बायका ओळीने बसलेल्या. हे ज्याला सुचलं त्याला एकदा त्या खुर्चीवर रिपोर्ट हातात घेऊन बसवा. अनघा मुद्दाम जिन्याजवळची खुर्ची धरायची, तिथे फक्त फायर एक्स्टिंग्विशर दिसतो. (त्याची रिफिलिंगची तारीख उलटून गेली होती. मी सांगितल्यावर बदलला.)

सॅम्पल द्यायच्या खोलीबद्दल सभ्य भाषेत लिहायचं तर, ती बिलिंगच्या भिंतीला लागून आहे. कडी नीट बसत नाही. आत फडफडणारी ट्यूब, एक स्टूल, हिंदीतल्या सूचना आणि एक लेबल, ज्यावर वेळ आपल्या हाताने लिहायची. पलीकडून "पाँच सौ छुट्टे हैं क्या?" ऐकू येतं. अशा परिस्थितीत कर्तव्य बजावणाऱ्या माळव्यातल्या समस्त पुरुषांना माझा नमस्कार. तिथे चाळीस हजार रुपये खर्च करून भिंत जाड केली तरी सेंटरचं काही बिघडणार नाही.

खर्चाचं सांगतो, कारण तो कोणी सांगत नाही. पॅकेज म्हणून एक लाख साठ हजार सांगितलं. त्यात इंजेक्शनं नाहीत. ती खालच्या मेडिकलमधून, आमची बहात्तर हजारांची झाली, बर्फाच्या डब्यातून घरी न्यायची. इक्सी वेगळं. (एकेक शुक्रजंतू सुईने उचलून अंड्यात सोडायचा, १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या मंडळींनी यशस्वी केलेलं तंत्र. माझ्यासारख्यांचं सगळं भवितव्य त्या सुईच्या टोकावर.) गोठवणं वेगळं, दर वर्षीचं भाडं वेगळं, दुसऱ्यांदा गर्भ सोडायचे वेगळे. एकूण तीन लाख ऐंशी हजारांच्या आसपास गेलो. मेडिक्लेम? तुमच्या पॉलिसीच्या नको असलेल्या पानांवर एक्सक्लूजन कोड १७ शोधा. वंध्यत्व आणि त्याचे उपचार, आयव्हीएफसकट, वगळलेले. मी हे कलम लोकांना दाखवत आलो, माझ्यावर पहिल्यांदाच उलटलं. सेंटरने हे सगळं एका कागदावर आधी द्यायला हवं होतं. आम्हाला ते हप्त्याहप्त्याने कळत गेलं.

जानेवारी २०२३. दहा दिवस पोटात इंजेक्शनं. शेवटचं ट्रिगरचं, म्हणजे अंडी पक्व करणारं, इंजेक्शन रात्री पावणेदहाला, घड्याळ लावून, कारण त्यानंतर ठरावीक तासांनीच, परवा सकाळी पावणेनऊला, अंडी काढायची. चुकलं तर सगळं वाया. मी तीन मोबाईलवर अलार्म लावले. अनघा म्हणाली, "एवढी तयारी लग्नाच्या मुहूर्ताला नव्हती."

बारा अंडी निघाली. मी हिशोब मांडला, बारा पोरं, क्रिकेटची टीम आणि एक राखीव. त्या देवासच्या मुलाने दुपारी फोन केला: दहा पक्व. दुसऱ्या दिवशी: सात फलित. पाचव्या दिवशी: तीन. एवढंच. बाईंनी नरसाळं आधीच काढून दाखवलं होतं म्हणून आम्ही कोसळलो नाही. बाराचे तीन हे वाईट नाही, तसंच असतं, असं त्याने चार वेळा सांगितलं. तिन्ही गोठवले.

पहिला गर्भ मार्चमध्ये सोडला. एकच. बाईंना मी म्हटलं, दोन सोडा, चान्स वाढेल. म्हणाल्या, "जुळ्यांची जोखीम वाढेल. मला एक बाळ पूर्ण दिवसांचं हवंय." त्याआधी-नंतर रोज प्रोजेस्टेरॉनचं, म्हणजे गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनचं, तेलकट इंजेक्शन, कमरेखाली. तिला गाठी झाल्या, शाळेत खुर्चीवर बसता येईना, फळ्यापाशी उभं राहून आठवीचे चारही तास घ्यायची आणि घरी गरम पाण्याच्या पिशवीवर कूस बदलत राहायची. हे बारा-चौदा दिवस कुठल्याच ब्रोशरमध्ये नाहीत.

आणि मग या सेंटरने सगळ्यात मोठी चूक केली. बीटा एचसीजीचा, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट संध्याकाळी पाच चाळीसला व्हॉट्सॅपवर आला. पीडीएफ. आकडा पाचाच्या आत, म्हणजे निगेटिव्ह. फोन नाही, शब्द नाही. अनघा तेव्हा पालकसभेत होती, समोर एक आई गणिताचे मार्क कमी का, म्हणून भांडत होती. तिने पीडीएफ उघडली, बंद केली आणि त्या बाईला गणिताचं सांगितलं. हे मला रात्री कळलं. याचा पूर्ण तारा कापला. इतकी वर्षं थांबलेल्या माणसाला फोन करायला दोन मिनिटं लागतात.

त्यात आणखी एक. आठ दिवसांनी सेंटरच्या 'कोऑर्डिनेटर'चा फोन आला. आता तो आला. पुढच्या वेळी गर्भपिशवीच्या अस्तराला 'स्क्रॅच' करून, म्हणजे खरवडून घ्या, वर इंट्रालिपिडची, म्हणजे चरबीच्या द्रावणाची, सलाईन घ्या, पॅकेजमध्ये सूट आहे. मी रात्रभर वाचत बसलो. स्क्रॅचची मोठी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली आहे, १३६४ बायकांवर. ज्यांना खरवडलं त्यांच्यात बाळं २६.१ टक्के. ज्यांना नाही खरवडलं त्यांच्यात २६.१ टक्के. दशांश चिन्हापर्यंत तेच. मी प्रिंट काढून बाईंपुढे ठेवली. त्यांनी बघितलीसुद्धा नाही, म्हणाल्या, "नको. मी लिहिलंय का पर्च्यावर?" नव्हतं लिहिलं. मग कोऑर्डिनेटर कोणाच्या सांगण्यावरून विकतो? यावर बाईंनी पेन ठेवलं आणि म्हणाल्या, "मॅनेजमेंट वेगळी आहे." हा अर्धा तारा मी बाईंचा नाही, मॅनेजमेंटचा कापला. तुम्ही गेलात तर लक्षात ठेवा, पर्च्यावर बाईंच्या अक्षरात जे नाही त्याचे पैसे भरू नका.

दुसरा गर्भ जुलैत. सोडायला दहा मिनिटं लागली, पडद्यावर एक पांढरा ठिपका सरकला, झालं. आईचं म्हणणं पंधरा दिवस उताणं झोपून राहायचं. बाईंनी आईला फोनवर सांगितलं, "आजी, तो पडत नाही. पडून राहून फायदा होत नाही. जिना चढू दे, शाळेत जाऊ दे." आईला पटलं नाही, पण डॉक्टर तिला आजी म्हणाल्या, त्यात ती विरघळली. त्या दिवशी घरी भुट्ट्याचा कीस केला, वर जिरावण, खोबरं. अनघाने दोनदा मागून घेतला.

पॉझिटिव्ह रिपोर्टसुद्धा पीडीएफनेच आला. या वेळी मात्र पाच मिनिटांनी काउंटरवरून फोनही आला, अभिनंदनाचा. बघा म्हणजे. देवासच्या मुलाने वेगळा मेसेज केला: "काका, जनसेट चालला."

मुलगी मार्च २०२४ ची. दोन किलो नऊशे.

तर हिशोब. डॉक्टरबाईंची पहिली भेट एक. लॅब आणि वही अर्धा. नरसाळं, एकच गर्भ, आईला दिलेलं उत्तर, 'नको' म्हणण्याची हिंमत, या सगळ्याचे दोन. दोन तारे कापले ते कशाचे, ते वर आहेच: थांबणं, पीडीएफ, स्क्रॅच विकणं. बेरीज साडेतीन होते, वजाबाकी केली तर तीन. आमच्यातही सर्व्हेअर अर्धा इकडे-तिकडे करतो, ती सवय आहे. बाळ झालं त्याचे तारे मी यात धरलेले नाहीत. मार्चमध्ये हेच डॉक्टर, हीच लॅब, तोच जनसेट होता, आणि झालं नव्हतं.

तिसरा गर्भ अजून त्या टाकीत आहे. भाड्याच्या नूतनीकरणाचा फॉर्म गेल्या महिन्यात आला, त्यावर दोघांच्या सह्या लागतात. कायद्याने दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो. फॉर्म फ्रिजवर आहे, लोणच्याच्या बरणीखाली. अनघाने तिची सही केली आहे. 'पुढे ठेवावा की नाही' याच्यापुढचा चौकोन तिने मोकळा सोडला आहे आणि पेन्सिलीने बाजूला लिहिलं आहे: आधी तुमचा रिपोर्ट काढा.

उद्या सकाळी साडेदहाची वेळ आहे. म्हणजे दीड.